पॉपॉला फुलं येतात पण फळ धरत नाही: दरवर्षीची तक्रार आणि तिच्यावरचा उपाय

एप्रिल संपत आला की ओळखीपाळखीतून मला निरोप यायला लागतात. "ताई, झाड फुलांनी लगडलंय, यंदा तरी फळ धरेल ना?" आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच माणसाचा दुसरा निरोप येतो: "सगळी फुलं गळली. एकही धरलं नाही." अमेरिकेत ओहायो, इंडियाना, मेरीलँड, व्हर्जिनिया अशा भागांत ज्या मराठी घरांनी परसात हौसेनं पॉपॉ हे इथलं रानटी फळझाड लावलंय, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची गाडी इथेच अडते. माझीही अडली होती, सलग चार वसंत. म्हणून या वर्षी फुलं यायच्या आधीच सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आधी एक घोळ दूर करू, कारण निम्मी चूक त्यातूनच होते. पॉपॉ म्हणजे पपई नव्हे. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत पपईलाही हेच नाव आहे, म्हणून गावाकडचे लोक ऐकतात आणि लगेच विचारतात, "नर झाड लागलं असेल, दुसरं लाव." पपईत नर झाड, मादी झाड वेगळं असतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पॉपॉत तसं काही नाही. त्याच्या प्रत्येक फुलात दोन्ही बाजू असतात. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे.

पॉपॉ हा आपल्या सीताफळाचा भाऊबंद. शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा, कुळ सीताफळाचंच, अॅनोनेसी. हे सगळं कुळ उष्ण प्रदेशातलं. सीताफळ, रामफळ, इमारतींच्या कुंपणाला लावतात तो खोटा अशोक, सगळे त्यातलेच. त्यातला हा एकच गट असा की ज्यानं बर्फाच्या प्रदेशात संसार थाटला. दक्षिण ओंटारियोपासून उत्तर फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला नेब्रास्काच्या पूर्व भागापर्यंत हा आपला आपण उगवतो, नदीकाठच्या ओलसर जमिनीत, मोठ्या झाडांच्या सावलीत. सावलीत असला की झुडपासारखा, अनेक खोडांचा. उन्हात एकटा वाढवला तर चांगलं वीस-पंचवीस फुटांचं शंकूसारखं झाड. मी सासवडकडची. डोंगरउतारावरची सीताफळं बघत मोठी झाले, तरी हे नातं मला इथे आल्यावर कळलं, आणि त्या नात्यानंच शेवटी माझा प्रश्न सोडवला.

पहिल्या दोन वर्षांत मी जे केलं ते सगळेच करतात. शेणखत घातलं, पाणी वाढवलं, झाडावर उगाच जोर पडतोय असं वाटून हिवाळ्यात फांद्या छाटल्या. छाटणीनं तर नुकसानच झालं. पॉपॉची फुलं गेल्या वर्षीच्या काडीवर येतात. हिवाळ्यात बारीक पाहिलं तर काडीवर दोन प्रकारचे कोंब दिसतात: टोकाला लांबट, निमुळता, तो पानांचा, आणि बाजूला वाटाण्यासारखा गोल, काळपट तपकिरी मखमली लव असलेला, तो फुलाचा. या कोंबांवर आंब्याच्या डोळ्यावर असतात तसे खवले नसतात, नुसती लव असते. काडी छाटली की येत्या वसंतातली फुलं आपण स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकतो. म्हणून तपासणीची पहिली पायरी फेब्रुवारीतच करा. गोल कोंब आहेत का? असतील तर झाड तब्येतीनं आहे, खताच्या मागे लागू नका. नसतील तर झाड लहान आहे किंवा सावलीत आहे. बियांपासून केलेलं झाड फुलायला पाच-सात वर्षं सहज घेतं, कलमी झाड तीन-चार. आणि सावलीत ते जगतं, पसरतं, पण फुलायला कंजुषी करतं. फळ हवं तर दिवसाचं निदान सहा तास ऊन हवं.

आता मूळ गोष्ट. फुलं येतात आणि तरी फळ का धरत नाही?

यासाठी फुलाशेजारी बसून त्याचे सात-आठ दिवस बघावे लागतात. आमच्याकडे कोलंबसच्या परिसरात ते साधारण एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतं, पानं फुटायच्या आधी किंवा पानांबरोबरच. फूल खाली तोंड करून लोंबतं, घंटेसारखं. तीन निदलं, मग तीन-तीनच्या दोन थरांत सहा पाकळ्या. सुरुवातीला पाकळ्या हिरव्या असतात, मग हळूहळू पिकलेल्या जांभळासारख्या गडद होत जातात. आत डोकावलं तर मध्ये एक छोटा गोळा दिसतो: तो पुंकेसरांचा, एकमेकांना घट्ट चिकटलेल्या. गोळ्याच्या टोकातून काही हिरवी बोटं बाहेर आलेली असतात, तीन ते सात, कधी जास्तही. त्या बोटांचं टोक म्हणजे कुक्षी, पराग स्वीकारण्याची जागा.

आणि या दोघांची वेळ एकमेकांशी जुळत नाही. फूल अजून अर्धवट मिटलेलं असतं, पाकळ्यांचा हिरवा रंग पुरता गेलेला नसतो, तेव्हा कुक्षी तयार असते: ओलसर, चकाकणारी, किंचित चिकट. त्या वेळी पुंकेसरांचा गोळा मात्र कच्च्या मटारासारखा घट्ट. दोन-चार दिवस जातात. कुक्षी सुकते, तिची चकाकी जाते, तपकिरी होते, आणि मग गोळा सैल होऊन पिवळा पराग सांडायला लागतो. म्हणजे फूल आधी मादी, नंतर नर. ज्या दिवशी देण्याजोगं काही तयार होतं, त्या दिवशी घेणारी बाजू मिटलेली असते. सीताफळाचं फूलही असंच वागतं, फक्त त्याचा सगळा खेळ एक-दोन दिवसांत आटोपतो.

एवढ्यावर भागलं असतं तर झाडावर पुढे-मागे उमललेली फुलं असतातच, त्यांनी एकमेकांचं निभावलं असतं. पण पॉपॉ दुसरी अट घालतो. बहुतेक झाडं स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. त्यांना परक्या झाडाचा लागतो, आणि परकं म्हणजे नुसतं वेगळ्या जागी लावलेलं नव्हे, रक्तानं वेगळं.

याच ठिकाणी माझी दोन वर्षं वाया गेली. मला सांगितलं होतं की दोन झाडं हवीत. माझ्याकडे होती की दोन! पण दुसरं आलं कुठून? पहिल्याच्या मुळापासून. पॉपॉ मुळांवरून फुटवे काढत पसरतो, केळीला मुनवे येतात तसे, फक्त जरा दूरवर, आठ-दहा फुटांवरही. एक ऐटदार फुटवा मी जपला, वाढवला, त्याला फुलं आल्यावर आनंदही मानला. ते दुसरं झाड नव्हतंच. ते पहिल्याचाच दुसरा हात होता. रानातल्या मोठमोठ्या झुंडींचंही हेच असतं: दिसायला पन्नास खोडं, प्रत्यक्षात एकच जीव. म्हणून काही झुंडी दर वसंतात फुलांनी भरतात आणि शरदात तिथं एकही फळ सापडत नाही.

तेव्हा दुसरी तपासणी ही: तुमची दोन झाडं खरोखर दोन आहेत का? एखाद्याच्या परसातल्या एकाच झुंडीतून दोन रोपं आणली असतील तर उत्तर बहुधा नाही. एकाच जातीची दोन कलमं घेतली असतील तरीही नाही. कलम म्हणजे त्याच झाडाची काडी. दोन वेगळ्या जातींची कलमं असतील तर हो. इथे नील पीटरसन यांनी निवडून वाढवलेल्या जाती मिळतात, त्यांना त्यांनी नद्यांची नावं दिली आहेत: शेनँडोआ, सस्क्वेहाना, पोटोमॅक, अॅलेगेनी, रॅपाहॅनॉक, वॉबॅश. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत पॉपॉवर अनेक वर्षं काम चालू आहे, त्यांच्या केएसयू-अॅटवुड, केएसयू-बेन्सन अशा जाती आहेत. नावं दोन वेगळी असली की झालं. सनफ्लॉवर नावाची जात एकटीही फळ धरते असं बरेच जण सांगतात, पण मी तरी तिच्या भरवशावर एकच झाड लावणार नाही.

कलमी झाडवाल्यांसाठी एक गोष्ट जी मला उशिरा सुचली. कलमाच्या जोडाखालून जे फुटवे येतात ते वरच्या जातीचे नसतात, खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात, आणि खुंट बहुतेक वेळा बियांपासून केलेला असतो. म्हणजे तो रक्तानं वेगळा. आपण असे फुटवे काढून टाकतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर खुंट वरच्या कलमाला मागे टाकतो. पण जागा कमी असेल तर एक फुटवा जरा दूर, आवाक्यात ठेवून वाढू द्या. चार-पाच वर्षांनी तोच तुमचा परका पराग.

समजा दोन खरी वेगळी झाडं आहेत. तरी फळ धरत नाही? मग पराग नेणारं कोणी नाही. मधमाशी या फुलाकडे वळत नाही. त्याचा गडद मांसासारखा रंग आणि आंबलेल्या पिठासारखा, थोडा कुजकट वास हा माश्यांसाठी आणि भुंगेऱ्यांसाठी आहे. एप्रिलच्या गारठ्यात हे किडे थोडे, आळशी, आणि लांबवर नेमानं जाणारे नव्हेत. रानातसुद्धा पॉपॉच्या फुलांच्या मानानं फळं फार थोडी असतात. इथले काही जुने लोक फुलं आली की झाडाला मांसाचे तुकडे किंवा माशांची डोकी टांगतात, म्हणजे माश्या जमतील. माझ्या घरी ते शक्य नव्हतं, आणि ब्रश त्याहून खात्रीचा आहे.

तर ब्रशची कृती. एवढी एक गोष्ट केलीत तरी पुरे.

चित्रकलेचा मऊ, लहान ब्रश घ्या आणि चहाची बशी किंवा छोटी वाटी. सकाळचं दव वाळू द्या. पहिल्या झाडावर पूर्ण उघडलेली, गडद रंगाची फुलं शोधा, ज्यांच्यातला गोळा तपकिरी, भुसभुशीत झालाय. वाटी खाली धरून फुलाला टिचकी मारा किंवा ब्रशनं गोळा हलकेच चाळवा. पिवळट भुकटी आणि बारीक केसरं वाटीत पडतील. भुकटी पडत नसेल तर फूल अजून नर झालेलं नाही, उद्या या. मग दुसऱ्या झाडाकडे जा आणि तिथं बरोबर उलट फुलं शोधा: अर्धवट उमललेली, हिरवट-लालसर, आत कुक्षी ओली चकाकतेय अशी. पाकळी दोन बोटांनी अलगद बाजूला करा आणि परागानं माखलेला ब्रश त्या हिरव्या टोकांवर टेकवा. प्रत्येक टोकावर. मी त्यांना बोटं म्हणते, कारण पुढे प्रत्येकाचं एक फळ होतं. मग दुसऱ्या झाडाचा पराग पहिल्यावर. फुलं एकदम तयार होत नाहीत, म्हणून हे एकदा करून भागत नाही. दोन आठवडे दिवसाआड एक चक्कर मारा. पराग त्याच दिवशी वापरा. आणि दुसरं झाड शेजाऱ्याकडे असेल तर वाटी घेऊन निःसंकोच त्याच्या दारी जा. मी तशीच गेले होते, तीन गल्ल्या सोडून, आणि माझं पहिलं फळ त्या वाटीतल्या परागाचं.

मेच्या अखेरीस फरक दिसतो. न जमलेलं फूल देठासकट पिवळं पडून गळतं. जमलेलं असेल तर पाकळ्या झडतात आणि देठाशी हिरव्या बोटांचा एक लहानसा पंजा उरतो, केळ्याच्या इवल्या फणीसारखा. त्या पंजाकडे बघताना मला सीताफळ नव्यानं समजलं. सीताफळाच्या फुलातही अशीच पुष्कळ बोटं असतात, पण ती एकमेकांत मिसळून एकच फळ होतं. आपण ज्यांना सीताफळाचे डोळे म्हणतो तो प्रत्येक डोळा म्हणजे एक बोट. पॉपॉत ती सुटी राहतात. एकाच कुळातली ही दोन घरं, एक एकत्र राहणारं आणि एक विभक्त.

काही वेळा ब्रश वापरूनही हाती काही लागत नाही. तेव्हा गळलेलं फूल उचलून मधोमध कापून बघा. आतला भाग काळा पडलेला असेल तर दोष थंडीचा. आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यातही हिम पडू शकतं. झाड लहान असेल तर अशा रात्री जुनी चादर टाकता येते, मोठं असेल तर त्या वर्षाचं सोडून द्यायचं. देठात किंवा फुलाच्या बुडाशी बारीक छिद्र आणि भुसा दिसला तर ती पॉपॉच्याच फुलदेठात राहणारी अळी आहे. ती थोडीफार फुलं पाडते. मी फवारत नाही. पडलेली फुलं वेचून पिशवीत बांधून टाकते.

न फवारण्याचं खरं कारण दुसरं आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, लांब शेपटीचं झेब्रा स्वॅलोटेल फुलपाखरू आपली अंडी फक्त पॉपॉच्याच गटातल्या झाडांवर घालतं. त्याच्या अळ्यांना दुसरं खाणंच नाही. आपल्याकडे सीताफळाच्या आणि खोट्या अशोकाच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांच्या "टेल्ड जे" (Tailed Jay) नावाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात, त्यांचीच ही लांबची बहीण. चार पानं कुरतडली म्हणून फळ कमी होत नाही. पानांची भोकं आणि फळ न धरणं यांचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण तिथेच औषध मारून बसतात.

धरलेली फळं जूनमध्ये गळतात, ही दुसरी तक्रार. थोडी गळ नैसर्गिक आहे. जास्त असेल तर पाणी कमी पडतंय. पॉपॉ नदीकाठचा, त्याची पानं फूटभर लांब, उन्हाळ्यात त्याला मुळाशी ओल हवी. बुंध्याभोवती पाचोळ्याचा जाड थर द्या. उलट ब्रश फारच चांगला चालला असेल तर एका पंजात सहा-सात फळं राहतात आणि फांदी मोडते. दोन-तीन ठेवा, बाकीची जूनमध्येच काढा. जिवावर येतं, पण काढा.

सप्टेंबर उजाडला की तिसरी: "फळ तोडलं, ते पिकलंच नाही." सीताफळाचे डोळे उघडले की तोडून तांदळात ठेवायचं आपण शिकलोय. पॉपॉला डोळे नाहीत, साल गुळगुळीत, आणि रंगही फारसा बदलत नाही. कडक तोडलेला पॉपॉ कडकच राहतो. हापूस दाबून बघतो तसा दाबा. किंचित मऊ लागला आणि हलक्या हातानं सुटून आला तर तयार. सगळ्यात उत्तम म्हणजे स्वतः गळून पडलेला, पण त्यासाठी रॅकूनच्या आधी उठावं लागतं. बाहेर दोन-तीन दिवस टिकतो, फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे. दुकानात तो का दिसत नाही याचं उत्तर हेच.

खाण्याबद्दल काळजीचं थोडं. साल आणि बिया खायच्या नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावायचे आणि सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, हे ज्या द्रव्यांमुळे, त्याच जातीची द्रव्यं पॉपॉच्या पानांत, सालीत, बियांत आहेत. हरणंही त्याची पानं सोडून देतात. गरातही ती थोडी असतात. काही जणांना गरानंही मळमळतं, म्हणून पहिल्यांदा दोन चमचेच खा. वाळवून वड्या करू नका, वाळवलेल्या गराचा त्रास अधिक जणांना होतो. कंपवात असलेल्यांनी टाळलेलंच बरं. बासुंदी करायची असेल तर दूध आटवून पूर्ण गार झाल्यावर गर कालवा, सीताफळाचा कालवतो तसाच.

आणि बिया फेकू नका, कारण ज्यांच्याकडे एकच झाड आहे त्यांचा कायमचा उपाय त्यांतच आहे. बियांपासून आलेलं प्रत्येक झाड रक्तानं वेगळं असतं. शक्यतो दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या झुंडीच्या फळाची बी मिळवा. ती वाळू देऊ नका. वाळलेली बी मेलेली बी. धुऊन ओलसर शेवाळात गुंडाळा, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या खणात तीन महिने ठेवा. ही थंडी तिला लागतेच, आणि म्हणूनच बी पाठव म्हणणाऱ्या सासवडच्या भावाला मी नाही म्हणते. पुण्याच्या हिवाळ्यात या झाडाला झोप लागणार नाही. वसंतात खोल कुंडीत पेरा, उथळ ट्रेमध्ये नाही. पहिली दोन वर्षं रोपाला थेट ऊन नको, सावली करा. पेरल्यावर मे जाईल, जून जाईल, वर काहीच दिसणार नाही. माती उकरून बघू नका आणि कुंडी रिकामी करू नका. कोंब जुलैत येतो. तोवर खाली सोटमूळ वीतभर उतरलेलं असतं.